शेणाचा दर्प आणि राब : शहापूर-मुरबाडच्या कृषी-इतिहासातील एक दुर्लक्षित पैलू

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील भातशेतीत 'राब' ही पद्धती पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. रोपांच्या जागेवर शेण, पाला, गवत व माती यांचे थर रचून ते जाळले जातात. वसाहतकाळातील वननिर्बंधांमुळे पाला तोडण्यावर मर्यादा आल्या. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगासमोर ठाणे जिल्ह्यातील राबाचा प्रश्न प्रकर्षाने आला.

राबाव्यतिरिक्त उरलेले शेण उकिरड्यावर साठते. तेथील निर्वात थरांत जिवाणू प्रथिनांपासून स्कॅटोल व हायड्रोजन सल्फाइड, तर मूत्रातील युरियापासून अमोनिया निर्माण करतात. अमोनियाच्या उग्र दर्पावाटे शेताचा नत्र हवेत उडतो. राबातही तो जळून जातो.

खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात गोबर गॅस संयंत्रांचा प्रसार केला. बंदिस्त टाकीत दर्पयुक्त आम्लांचे मिथेनमध्ये रूपांतर होते. दर्प घटतो व बहुतांश नत्र मळीत टिकतो. परंतु संयंत्रास शेणाइतकेच पाणी लागते. तानसा (१८९२) व भातसा धरणांचे पाणी मुंबईस पुरविणाऱ्या शहापूरच्या अनेक पाड्यांत उन्हाळ्यात टँकर येतात. सारांश, शेणाचा प्रश्न हा केवळ विज्ञानाचा नसून वन व पाणी यांवरील अधिकारांच्या इतिहासाशी निगडित आहे.