हवेचा हिशेब

१९१०, काटोल रोड

कळमेश्वर मागं पडलंय. कापसानं गच्च भरलेली बैलबंडी नागपूरकडे निघाली आहे. बंडीवाला तुमच्याकडं वळून म्हणतो, "नागपूरले जाता का भाऊ? बसा नं." तुम्ही वर चढता, कापसाच्या ढिगाला पाठ टेकता. वेग ताशी चार किलोमीटर. समोरची हवा अंगाला जाणवतही नाही. एवढ्या मोठ्या भाऱ्याला ती ज्या जोरानं अडवते, तो जेमतेम पाव किलो वजनाएवढा. बैलांचा घाम गळतो तो चाकोरी, फुफाटा आणि चढ यांच्यापायी.

हा वेग तीसपट केला, तर ताशी १२० किलोमीटर होतो. हवेचा जोर मात्र नऊशेपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. या रस्त्यापासून थोड्याच अंतरावर माणसं एक दिवस त्या वेगानं जाणार आहेत.

१९२१, बर्लिन

मोटार प्रदर्शनात गर्दीतून वाट काढत तुम्ही एका विचित्र गाडीजवळ पोचता. वरून पाहिली तर पुढं गोल, मागं निमुळती. काचा वक्र, इंजिन मागच्या बाजूला. बांधणारा एडमुंड रुम्प्लर हा विमानांचा अभियंता म्हणून ओळखला जातो. तुमची नजर गाडीच्या तोंडावर खिळते. ती जरा शेपटीकडं न्या.

गाडीच्या नाकाशी हवा दुभंगते, ते तिला फारसं जड जात नाही. खरी अडचण मागं होते. गाडीचं अंग एकदम संपलं तर हवेला तितक्या झटक्यात वळता येत नाही. ती अंगापासून सुटते, मागं भोवरे उठतात आणि तिथला दाब घटतो. पुढं जास्त दाब, मागं कमी. त्या फरकामुळं गाडी मागं खेचली जाते. यालाच इंजिनिअर ड्रॅग म्हणतात. निमुळती शेपटी हवेला शेवटपर्यंत अंगालगत ठेवते.

आता ५८ वर्षं पुढं चला. १९७९ साली हीच गाडी फोक्सवॅगनच्या वायुबोगद्यात उभी आहे. पंखे फिरतात, मापन होतं आणि ड्रॅगचा गुणांक, म्हणजे आकार हवेला किती अडखळवतो ते सांगणारा आकडा (जितका लहान तितका चांगला), निघतो ०.२८. त्या वर्षी बाजारात असलेल्या बहुतेक गाड्यांचा गुणांक ०.४च्या पुढं आहे. म्हणजे हवेला काय हवं ते अर्ध्या शतकापूर्वीच कळलेलं होतं. पण रुम्प्लरच्या गाड्या शंभरच्या आसपासच बनल्या. सामानाला जागा नव्हती, इंजिन नीट थंड होत नव्हतं, स्टिअरिंगच्या तक्रारी होत्या. नुसता आकार जिंकून भागत नाही. गाडीत संसार बसावा लागतो.

१९७५, पुन्हा कळमेश्वर

डिसेंबरची सकाळ, आंबिया बहाराची संत्री निघताहेत. तुम्ही अ‍ॅम्बेसेडरच्या मागच्या सीटवर आहात. टपावरच्या कॅरिअरला दोरीनं आवळलेल्या संत्र्यांच्या पेट्या, त्यांच्याशेजारी होल्डॉल. उभं ग्रिल, बाहेर आलेले हेडलाइट, जाडजूड बंपर: प्रत्येक ठिकाणी हवा अडखळते. टपावरच्या पेट्या दुहेरी नुकसान करतात. समोरून दिसणारं क्षेत्रफळ वाढतं आणि आकारही बिघडतो. हवा किती अडवणार हे ठरवताना या दोन्हींचा गुणाकार होतो.

तरीही ड्रायव्हरला त्याची फिकीर नाही, आणि ते बरोबरच आहे. काटा साठाच्या आसपास आहे. या वेगाला टायरचा रोध अजून हवेच्या रोधाहून वरचढ असतो. एका पिढीनं गाडी चालवायची सवय अशा रस्त्यांवर लावून घेतली आणि हवा हिशेबात धरलीच नाही.

२०११, ग्रेटर नोएडा

ऑक्टोबरची अखेर. बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत चालू आहे. तुमच्या डोळ्यांसमोरून तीनशेच्या वेगानं जाणाऱ्या या गाडीचा गुणांक तुमच्या घरच्या गाडीच्या दुपटीहून जास्त असू शकतो. चाकं उघडी, मागं भलामोठा पंख. शर्यतीच्या गाडीला हवेकडून आणखी एक काम करून घ्यायचं असतं: वळणावर गाडी रस्त्यावर दाबून धरणं. या दाबाची किंमत ड्रॅगमध्ये मोजावी लागते. म्हणून याच वर्षी नवी सोय आली आहे. ठरलेल्या सरळ टप्प्यावर, पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलेला चालक मागच्या पंखाची एक फळी उघडतो. रोध घटतो, वेग वाढतो. वळण आलं की फळी बंद.

२०२२, चाकण आणि शिवमडका

चाकणच्या कारखान्यात मर्सिडीजच्या ईक्यूएस या विजेवरच्या गाडीची जुळणी सुरू झाली आहे. कंपनीनं जाहीर केलेला गुणांक ०.२०. महाराष्ट्रात जुळलेली गाडी रुम्प्लरच्या कितीतरी पुढं गेली. त्याच वर्षी, ११ डिसेंबरला, हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून शिर्डीपर्यंतचा समृद्धी महामार्ग खुला होतो. मोटारींची वेगमर्यादा १२०.

आता तुम्ही स्वतः स्टिअरिंगवर आहात. पुढच्या वर्षीचा मे महिना, पारा ४५ अंशांवर. गाडी मध्यम आकाराची, गुणांक ०.३५, समोरचं क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर. ताशी ८०ला हवा तुम्हाला सुमारे २२० न्यूटन जोरानं अडवते, म्हणजे साधारण २२ किलो वजनाइतकं. १२०ला तोच जोर ४९५ न्यूटनवर जातो. वेग दीडपट, रोध सव्वादोनपट, आणि त्यासाठी लागणारी शक्ती जवळपास साडेतीनपट: पाच किलोवॉटच्या जागी साडेसोळा. शंभर किलोमीटरमागं तुमची २५ मिनिटं वाचतात; हवेपायी होणारा खर्च दर किलोमीटरला सव्वादोनपट होतो. जानेवारीच्या पहाटे, पारा दहावर असताना, हवा दाट असते आणि हाच रोध आणखी सुमारे आठव्या हिश्शानं वाढतो.

विजेच्या गाडीत हा फरक थेट बॅटरीच्या काट्यावर दिसतो. आणि इथंच खरेदीदाराला अर्धी गोष्ट सांगितली जाते. गाडीच्या जाहिरातीतला मायलेजचा आकडा ज्या भारतीय चाचणीतून येतो, त्या चाचणीत वेग ताशी ९०च्या वर जातच नाही. उंच, चौकोनी एसयूव्हींना मागणी वाढते आहे, त्यांचं समोरचं क्षेत्रफळ मोठं आहे, आणि शोरूममध्ये गुणांक विचारणारा ग्राहक क्वचितच भेटतो.

तो तुम्ही व्हा. कळमेश्वरहून नागपूरला रोज ये-जा करणार असाल तर गुणांकाच्या आकड्यानं तुमचं फारसं बिघडत नाही. महिन्यातून चार वेळा समृद्धीवरून मुंबई गाठणार असाल, तर गुणांक आणि क्षेत्रफळ दोन्ही विचारा, १२०च्या वेगाला गाडी किती जाते ते विचारा, रिकामं कॅरिअर टपावरून उतरवून ठेवा. पुढचं तुमच्या उजव्या पायावर आहे. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं खपून गुणांकात केलेली बचत वेगाच्या हव्यासापायी पहिल्याच टोलनाक्याच्या आत उधळता येते. आणि शंभरवर समाधान मानलं, तर साधी गाडीसुद्धा १२०ला लागणाऱ्या रोधातला तीस टक्के भाग एक रुपयाही न खर्चता वाचवते.