स्- (इटालियन उपसर्ग)

स्-: इटालियन भाषेतील एकाच व्यंजनाचा उपसर्ग. त्याचा मुख्य पूर्वज म्हणजे लॅटिन ‘एक्स-’ (मधून, बाहेर). बोलीतील लॅटिनमध्ये ‘क्स’चा ‘स’ झाला आणि इटलीत आरंभीचा आघातहीन स्वरही गळाला. ‘एक्सकाल्दारे’पासून इटालियन ‘स्काल्दारे’ (तापवणे) झाले, स्पॅनिशने मात्र ‘एस्काल्दार’मध्ये तो स्वर राखला. ‘एक्स-’चे नाते ग्रीक ‘एक्स’ आणि लिथुआनियन ‘इश’ यांच्याशी आहे.

दुसरा पूर्वज लॅटिन ‘दिस्-’ (वेगळे, अलग) हा होय. तो बहुधा ‘दोन’ या अर्थाच्या मूळ धातूकडे जातो आणि त्यामुळे संस्कृत ‘द्विस्’चा आप्त ठरतो. दोन्ही प्रवाह इतके मिसळले, की कित्येक शब्दांत ते वेगळे काढणे व्यर्थ आहे. स्वरापूर्वी मात्र ‘दिस्-’च टिकतो: ‘ओनेस्तो’ (प्रामाणिक), ‘दिसोनेस्तो’.

अर्थाचा पसारा मोठा आहे. ‘फोर्तूना’ (सुदैव), ‘स्फोर्तूना’ (दुर्दैव) येथे विरोध. ‘ग्रिदारे’ (ओरडणे), ‘स्ग्रिदारे’ (रागावणे) येथे जोर. चित्रकलेतील ‘स्फुमातो’ ही संज्ञाही ‘फूमो’ (धूर) या नामाला हाच उपसर्ग लागून झाली.

सर्वांत बोलकी जोडी एकाच लॅटिन क्रियापदाची आहे: ग्रंथांतून आलेले ‘एस्प्रीमेरे’ (व्यक्त करणे) आणि लोकांच्या तोंडी घडलेले ‘स्प्रेमेरे’ (पिळणे). ‘स्कुओला’ (शाळा), ‘स्तेल्ला’ (तारा) यांतील स मुळातलाच आहे, उपसर्ग नव्हे.