शिडाच्या होडीवरचे डिझेल इंजिन

समुद्रकाठी वाढलेल्या माणसाचा कान इंजिनाच्या ठोक्याला सरावलेला असतो. काळोखात परतणारी होडी दृष्टीस पडत नाही; परंतु ठोक्यावरून ती कोणाची, हे घरातल्या बायका अचूक सांगतात आणि ठोका अडखळू लागला की हातातले काम टाकून दारात येऊन उभ्या राहतात. हा ठोका का अडखळतो, आणि त्याचे कारण हुडकण्याची विद्या आली कोठून, याचा मागोवा घ्यावा असे आम्हांला फार दिवस वाटत होते. तो घेताना ध्यानी आले की, या यंत्राची बहुतेक दुखणी त्याच्या जन्मकथेतच सांगितलेली आहेत.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये जर्मन आईबापांच्या पोटी झाला. १८७० च्या युद्धात या कुटुंबाला फ्रान्स सोडून लंडन गाठावे लागले, आणि मुलाला शिक्षणासाठी जर्मनीतील औग्सबुर्ग शहरी धाडण्यात आले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतांश उष्णता फुकट जात असे. ही उधळपट्टी डिझेल यांना सलत होती. सिलिंडरमध्ये निव्वळ हवा कोंडायची, ती पाचशे अंशांच्या पलीकडे तापेल इतकी दाबायची आणि नेमक्या त्या क्षणी तेल आत सोडायचे, अशी त्यांची कल्पना. ठिणगीची गरजच नाही. १८९३ साली या कल्पनेचे पेटंट त्यांच्या हाती पडले. १८९७ साली औग्सबुर्गच्या कारखान्यात तपासलेल्या त्यांच्या इंजिनाने तेलातील सुमारे २६ टक्के उष्णता कामी लावून दाखवली. वाफेच्या यंत्रांना एवढे कधी जमले नव्हते.

ठिणगी नाही म्हणजे तिच्या तारांवर संशय घेण्याचेही कारण नाही. डिझेल इंजिनाला हवा, दाब आणि वेळेवर पोहोचणारे शुद्ध तेल एवढेच लागते. यांतील तेलाचे काम सर्वांत अवघड ठरले. डिझेल यांच्या इंजिनात तेल फवारण्यासाठी दाबलेली हवा वापरीत, आणि त्या हवेसाठी वेगळा अवजड पंप लागे. लहान होडीत हे लटांबर मावणार कसे? जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ साली तेल थेट दाबून नोझलकडे धाडणाऱ्या पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, तेव्हा लहान डिझेल इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. मात्र या पंपातील दांडा आणि त्याचे घर यांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट एवढेच अंतर असते. आपला केस त्याहून कितीतरी जाड. अशा ठिकाणी पाण्याचा थेंब किंवा गंजाचा कण पोहोचला तर काय होईल, हे वेगळे सांगणे नको.

शिडाच्या जहाजावर मात्र डिझेल याच्या आधीच चढले होते. नान्सेन यांच्यासाठी बांधलेल्या ‘फ्राम’ या तीन डोलकाठ्यांच्या नॉर्वेजियन जहाजातील वाफेचे इंजिन काढून आमुंडसेन यांनी १९१० च्या मोहिमेसाठी १८० अश्वशक्तीचे स्वीडिश डिझेल इंजिन बसवले. वाफ धरायला तास मोडत. हे यंत्र लगेच सुरू होई आणि कोळशाचे ढीग व तो ओढणारी माणसे वाचत. परंतु आमुंडसेन यांची खरी दूरदृष्टी आम्हांला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. इंजिनाबरोबर त्यांनी क्नुट सुंडबेक हा स्वीडिश यंत्रज्ञही जहाजावर घेतला. आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते सर्वांना ठाऊक आहे. सुंडबेकचे नाव फारसे कोणी घेत नाही.

आपल्याकडे पुण्याजवळच्या खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळात मासेमारी होड्यांच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प उभा राहिला. मुंबई राज्याच्या किनाऱ्यावर तर जुन्या शिडाच्या होड्याच इतक्या भक्कम होत्या की, त्यांच्याच पोटात इंजिन बसवणे शक्य झाले. त्यामुळे बरीच वर्षे एकाच होडीत डोलकाठीही होती आणि इंजिनही. त्या संधिकाळातला एक प्रसंग आम्ही स्वतः पाहिलेला आहे.

१९६० च्या दशकातली गोष्ट. नारळीपौर्णिमा होऊन होड्या नुकत्याच पाण्यात उतरल्या होत्या. आम्ही शाळकरी पोर, हट्टाने मामाच्या होडीत चढलो होतो. नाळेवर क्रूस, मागे दोन सिलिंडरचे इंजिन. परतताना उत्तनच्या खडकांच्या बाहेर ठोका एकाएकी लंगडू लागला, होडीभर थरथर आली आणि पांढरा, डोळ्यांत झोंबणारा धूर निघू लागला. वारा पश्चिमेचा होता, म्हणजे आम्हांला खडकांकडेच ढकलणारा. तांडेल होते आमचे मामाच. त्यांनी धुराकडे पाहिले, मग खडकांकडे पाहिले आणि खलाशांना शीड चढवायला सांगितले. इंजिनवाल्याला ते एवढेच म्हणाले, “बाबा रे, तू तुझं बघ. होडी मी बघतो.”

इंजिनवाला जराही घाबरला नाही. काळा धूर असता तर तेल जास्त किंवा हवा कमी, निळा असता तर वंगण जळते आहे. पांढरा आणि झोंबणारा म्हणजे तेल न जळताच बाहेर पडते आहे, हे त्याने आम्हां पोरांनाही समजावले. मग पाना घेऊन त्याने एका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल केला, फवाऱ्यासमोर हात न आणता, वर फडके धरून. इंजिन विझू विझू झाले. नट आवळून दुसऱ्याचा सैल केला. ठोक्यात काहीच फरक पडला नाही. आळशी सिलिंडर सापडला!

इंजिन बंद करून त्याने ते नोझल काढले. सुई गंजाने अडकली होती. फिल्टरची वाटी उघडली तर तळाशी पाणी. पावसाळाभर टाकी अर्धी रिकामी राहिली होती. रिकाम्या भागातल्या दमट हवेचे पाणी होऊन ते तेलाखाली साठले होते. त्याने तळचे पाणी सोडून दिले, सुई लाकडी काडीने हळूहळू मोकळी करून स्वच्छ डिझेलमध्ये धुतली आणि सगळे पुन्हा जोडले. मग पंपाचा स्क्रू सैल करून हाताने तेल ओढत तो बुडबुडे थांबण्याची वाट पाहत बसला, कारण तेलाच्या वाटेत अडकलेली हवाही इंजिनाला तितकीच अडवते. या साऱ्यात तासभर गेला. तेवढा वेळ मामांनी होडी शिडावर, खडकांना समांतर, कधी जवळ तर कधी दूर अशी राखली होती. शीड नसते तर त्या माणसाला एवढ्या शांतपणे काडीने सुई मोकळी करता आली असती का, याबद्दल आम्हांला आजही शंका आहे.

इंजिन पुन्हा सुरळीत सुरू झाले, तरी खाडीच्या मुखात शिरेपर्यंत मामांनी शीड उतरवू दिले नाही. पुढे काही वर्षांनी जाळ्यांना जागा हवी म्हणून त्या होडीची डोलकाठी निघाली. शीड मामींनी बरीच वर्षे सांभाळले. पावसाळ्यात सुकवलेल्या मासळीच्या टोपल्यांवर ते पांघरलेले असे.