नॉर्मलायझेशनच्या ‘ए’ची कुळकथा

नगर असो, संगमनेर असो की श्रीरामपूर, टीवायबीएस्सीच्या फिजिक्सच्या वहीत एक ओळ हमखास सापडते: ‘वेव्ह फंक्शन नॉर्मलाइज करा.’ मुलं फंक्शनचा वर्ग घेतात, सगळ्या जागेवर त्याचं इंटिग्रेशन करतात, उत्तर एकाबरोबर मांडतात आणि ‘ए’ या स्थिरांकाची किंमत काढून खाली दोन रेघा मारतात. त्या ‘ए’कडे पुन्हा कुणी पाहत नाही. मला हे फार खटकतं. कारण अणुगर्भाच्या सगळ्यात साध्या उदाहरणात, ड्यूटेरॉनमध्ये, सांगण्यासारखं बरंचसं त्या ‘ए’तच आहे.

ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी. ही काही दूरदेशीची वस्तू नव्हे. प्रवरेच्या पाण्यातल्या साधारण दर ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एकाच्या केंद्रात ही जोडी असते. असेच अणू वेचून रायगड जिल्ह्यात थळला जड पाणी तयार होतं आणि ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीसारख्या ठिकाणी ते वापरलं जातं.

प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. ‘ए’चं कूळही त्याच वर्षापासून सुरू होतं. त्या वर्षी एर्विन श्रोडिंगरने आपलं समीकरण एका लेखमालेतून मांडलं. या समीकरणाची गंमत अशी, की त्याच्या उत्तराला कुठल्याही आकड्याने गुणलं तरी ते उत्तरच राहतं. म्हणजे ‘ए’ किती हे समीकरण स्वतः सांगतच नाही, ते बाहेरून ठरवावं लागतं. मालेच्या चौथ्या लेखात श्रोडिंगरने दाखवलं, की फंक्शनच्या वर्गाची एकूण बेरीज काळानुसार बदलत नाही. त्याचा अर्थ मात्र त्याने विद्युतभाराशी जोडला: इलेक्ट्रॉनचा भार जागेत पसरलेला आहे आणि वर्ग म्हणजे त्या भाराची घनता. हे टिकणारं नव्हतं. मोकळी लहर पसरतच जाते, पण इलेक्ट्रॉन जेव्हा सापडतो तेव्हा अख्खाच सापडतो.

त्याच उन्हाळ्यात ग्योटिंगेनमध्ये माक्स बॉर्न कणांच्या टकरींचं गणित करत होता. टकरीनंतर कण कुठल्या दिशेला जाईल हे फंक्शन सांगत नाही, जाण्याची संभाव्यता किती ते सांगतं, असं त्याने लिहिलं. आणि संभाव्यता फंक्शनवर नव्हे तर त्याच्या वर्गावर अवलंबून असते, ही दुरुस्ती त्याने मुद्रितं तपासताना तळटीपेत घातली. आजचा सगळा क्वांटम व्यवहार त्या तळटीपेवर चालतो. कण अमुक जागी सापडण्याची संभाव्यता म्हणजे वर्ग, हे सरसकट विधान पुढच्या वर्षी वोल्फगांग पाउलीने केलं, तेही तळटीपेतच! बॉर्नला या कामाचं नोबेल मिळायला १९५४ उजाडलं. मधल्या काळात नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेला हा माणूस १९३५-३६ च्या सुमारास रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काही महिने होता.

अर्थ बदलताच ‘एक’ या आकड्याला वजन आलं. बेरीज एक, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची जोडी विश्वात कुठे ना कुठे नक्की आहे. हे सगळ्यांनाच साधत नाही. दोन न्यूट्रॉन एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यांच्यासाठी बेरीज सांत येईल असं बद्ध अवस्थेचं फंक्शनच मिळत नाही.

न्यूट्रॉनचा शोध १९३२ चा. १९३४ मध्ये केंब्रिजला जेम्स चॅडविक आणि मॉरिस गोल्डहाबर यांनी गॅमा किरणांनी ड्यूटेरॉन फोडून दाखवला. हान्स बेथे आणि रुडॉल्फ पायर्ल्स हे दोघे निर्वासित तेव्हा तिथे गेले होते. चॅडविकने त्यांना या प्रयोगाचा सिद्धांत करून दाखवा म्हटलं, आणि मँचेस्टरला परतताना आगगाडीतच त्यांनी तो मांडला. १९३५ साली तो छापून आला.

त्यांच्या मांडणीतलं साधेपण मला अजून थक्क करतं. प्रोटॉन-न्यूट्रॉनमधलं बल नेमकं कसं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढंच माहीत होतं की ते बल फार आखूड पल्ल्याचं आहे आणि जोडी तोडायला सुमारे २.२ एमईव्ही ऊर्जा लागते. पल्ल्याबाहेरच्या फंक्शनला तेवढं पुरतं. या ऊर्जेवरून ४.३ फर्मी ही लांबी निघते. (एक फर्मी म्हणजे मीटरचा एक हजार-अब्जावा भाग, त्याचाही हजारावा.) फंक्शनला अंतराने गुणलं, तर तो गुणाकार दर ४.३ फर्मीला सुमारे २.७ पटीने घटतो. बलाचा पल्ला शून्य मानून नॉर्मलाइज केलं, की ‘ए’चा वर्ग येतो एक भागिले दोन पाय गुणिले ४.३ फर्मी. बलाबद्दल अक्षरही नाही!

आता अर्थ लावू. दोघांमधलं अंतर २ फर्मीपेक्षा जास्त असण्याची संभाव्यता या फंक्शनवरून ३९ टक्के येते. पण अंतर शून्याजवळ येताना हे फंक्शन बेसुमार वाढतं, खरं फंक्शन तसं वाढत नाही. म्हणजे आतला वाटा आपण फुगवून धरला होता. तो कमी केला की एकूण एक राखण्यासाठी बाहेरचा वाढवावा लागतो. प्रत्यक्ष पल्ला धरून दुरुस्ती केली, तर ‘ए’चा वर्ग सुमारे १.७ पट होतो आणि बाहेरचा वाटा दोन-तृतीयांशाच्या आसपास जातो. बलाचा जोर जिथे जवळपास संपतो, जिथे जुन्या यांत्रिकीप्रमाणे या कणांना जायला मनाई आहे, तिथेच ही जोडी निम्म्याहून अधिक वेळा सापडावी! गॅमा किरणाने ड्यूटेरॉन किती सहज फुटतो हेही मुख्यतः या बाहेरच्या शेपटीवर, म्हणजे ‘ए’वर ठरतं.

म्हणून जिल्ह्यातल्या फिजिक्सच्या शिक्षकांना एक विनंती आहे. ‘ए’ काढून झाल्यावर गणित तिथे संपवू नका. मुलांना आणखी एक ओळ लिहायला सांगा: ‘२ फर्मीच्या बाहेर किती?’ इंटिग्रेशन तेच आहे, फक्त खालची मर्यादा बदलायची आहे.