स्टुटगार्ट

जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याची राजधानी व १९६८ पासून मुंबईचे भगिनीशहर. ऱ्हाईनची उपनदी नेकार हिच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट प्रदेशात ते वसले असून, तत्त्ववेत्ता हेगेल याचा जन्म १७७० मध्ये येथेच झाला.

जॉन क्रँको यांनी १९६१ मध्ये येथील बॅले नृत्यसंस्थेची सूत्रे स्वीकारून तिला जगद्विख्यात केले. जेम्स स्टर्लिंग यांनी रचलेली नवी राज्य-कलावीथी १९८४ मध्ये खुली झाली.

राजवाड्याच्या बागेपासून किलेसबर्ग टेकडीपर्यंत सुमारे ८ किमी. लांबीचा हरित पट्टा पसरला असून, व्युर्टेंबर्गचा राजा पहिला व्हिल्हेल्म याच्या मूरिश शैलीतील वास्तूंभोवतीचे ‘व्हिल्हेल्मा’ हे प्राणि-वनस्पती उद्यान त्यालगतच आहे.

रात्रीची खरी रंगत छोट्या पानगृहांत अनुभवावी. मळेवाले ठराविक मोसमापुरते स्वतःच्याच घरी द्राक्षमद्य व साधे जेवण देतात आणि दाराबाहेर टांगलेला खराटा पाहून वाटसरूने निःसंकोच आत शिरावे, असा तेथील रिवाज आहे. १८१६ च्या दुष्काळाची झळ सोसलेल्या रयतेसाठी राजा पहिला व्हिल्हेल्म यानेच १८१८ मध्ये सुरू केलेली कृषिजत्रा आजही शरद ऋतूत नेकारकाठच्या मैदानावर भरते.

मुंबईच्या हद्दीला लागून, वसईच्या खाडीनजीक दाटीने वाढलेल्या मीरा रोडच्या प्रवाशाने स्टुटगार्टचा हा हरित पट्टा आवर्जून पायी पाहावा. गजबजलेल्या शहरातही सलग हिरवाई राखता येते, याची खात्री तेथे पटते.