केस कोण खातो?

वर्गात एकदा हा प्रश्न विचारून पाहावा. माणसांचे केस व नखे, गुरांची शिंगे व खूर, पक्ष्यांची पिसे, मेंढ्यांची लोकर हे सारे युगानुयुगे मातीत पडत आले आहे. मग त्यांचे ढीग कोठे दिसत का नाहीत?

हे सारे पदार्थ मुख्यतः केराटीन या प्रथिनाचे बनलेले असतात. दुधातील वा डाळीतील प्रथिने आपली विकरे सहज तोडतात. पण पोटात गेलेला केस मात्र पचत नाही. घुबड उंदीर गिळते आणि त्याची लव गोळी करून ओकून टाकते. याचे कारण गंधकात आहे. केराटीनच्या लांबलचक साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना जखडलेल्या असतात, त्यामुळे विकरांना आत शिरायला फटच मिळत नाही.

केस खाणाऱ्याचा माग प्रथम लागला तो मातीत नव्हे, रुग्णांच्या डोक्यावर. फेव्हस नावाचे खवडे युरोपात फार होते. पिवळ्या खपल्या धरत, केस जात आणि पुष्कळदा कायमचे टक्कल पडे. दूषित रक्तामुळे असे होते, अशी समजूत होती. १८३५ मध्ये आगोस्तिनो बासी या इटालियन संशोधकाने रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो हे सिद्ध केले. ते वाचून योहान शोनलाइन या जर्मन वैद्याने खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या आणि १८३९ मध्ये त्यांत बुरशी असल्याचे जाहीर केले.

खरे तर ते तंतू दोन वर्षे आधीच रॉबर्ट रेमाक यांना दिसले होते, पण ती बुरशी आहे हे त्यांनी ओळखले नव्हते. पुढे त्यांनी ही खपली स्वतःच्या हातावर लावून रोग उत्पन्न करून दाखवला. १८४५ मध्ये बुरशीचे नामकरण करताना मात्र त्यांनी तिला शोनलाइन यांचे नाव दिले. रेमाक ज्यू होते. प्रशियात ज्यूंना विद्यापीठात शिकवण्याची बंदी होती. १८४७ मध्ये त्यांना बर्लिनमध्ये व्याख्याता होता आले, पण पूर्ण प्राध्यापकपद अखेरपर्यंत मिळाले नाही.

याच काळात पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी हे हंगेरीतून आलेले, तेही ज्यू, डॉक्टर स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर पोहोचले होते. १८४१ ते १८४४ या काळात त्यांनी केसाच्या आत वाढणारी बुरशी आणि बाहेरून वेढणारी बुरशी असा भेदही दाखवला. त्यांच्या कामाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ग्रुबी प्रसिद्धीस आले ते शोपॅंसारख्या कलावंतांचे डॉक्टर म्हणून! सुमारे पन्नास वर्षांनी रेमों साबुरो यांनी हे निष्कर्ष पुन्हा पुढे आणले.

डॉक्टरांच्या लेखी बुरशी हा रोग होता. ती तेथे जेवते आहे, या दृष्टीने पाहायला वनस्पतिशास्त्रज्ञ यावा लागला. सिलोनमध्ये कॉफीवरील तांबेऱ्याचा अभ्यास केलेले मार्शल वॉर्ड पुढे केंब्रिजला प्राध्यापक झाले. १८९९ मध्ये त्यांनी ओनिजेना या शिंगावर वाढणाऱ्या बुरशीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. येथे रोगी नव्हता, रोग नव्हता. होते फक्त शिंग आणि ते फस्त करणारी बुरशी.

मग १९५२ मध्ये बेल्जियमच्या रेमों व्हानब्रुसेगेम यांनी अगदी साधी युक्ती केली. बशीत ओलसर माती घेतली, वर निर्जंतुक केलेले केस पसरले आणि वाट पाहिली. केसांवर बुरशी उगवली! ही पद्धत जगभर पसरली. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधील संशोधकांनी १९६७ मध्ये मुंबईच्या सागरी मातीतील अशा बुरशींची नोंद केली. (शिक्षकांनी हा प्रयोग शाळेत करण्याचा मोह आवरावा. अशा मातीत गजकर्ण उत्पन्न करणाऱ्या जातीही असतात.)

पण बुरशी केस फोडते कशी? केवळ केराटीन तोडणाऱ्या एखाद्या खास विकराकडे बोट दाखवून हे कोडे सुटत नव्हते, कारण गंधकाचे दुवे शाबूत राहिले तर विकराचे फारसे चालत नाही. १९७२ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील यिरी कुनर्ट यांनी पुरावा दिला की पहिला घाव विकराचा नसतोच. केस खाताना बुरशीच्या पोटी गंधकयुक्त सिस्टीन भरमसाट येते. जास्त झाले की ते तिलाच विषारी, म्हणून त्यातील गंधकाचे सल्फाइट करून ती बाहेर टाकते. जादा नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने जातो व परिसर अल्कधर्मी होतो. अशा परिसरात सल्फाइट गंधकाचे दुवे तोडते. साखळ्या सैल झाल्या की विकरे आत शिरतात, आणखी सिस्टीन मिळते, आणखी सल्फाइट बाहेर पडते. कातडी कमावणारे चुना व सोडियम सल्फाइड वापरून केस काढतात, तेथेही गंधकाचे हेच दुवे तुटतात.

तरीही सल्फाइट हे कारण की नुसता सोबती, ही शंका उरत होती. २०१३ मध्ये जर्मनी व स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी एका त्वचारोगकारक बुरशीतील दोन जनुके वेगवेगळी निकामी केली: एक सिस्टीनपासून सल्फाइट बनवण्याच्या वाटेवरील विकराचे, दुसरे सल्फाइट बाहेर फेकणाऱ्या पंपाचे. दोन्ही वाणांना केस आणि नखे यांवर नीट वाढता आले नाही.