वरळीचे बेडूक

वरळी सी-फेसवर संध्याकाळी फिरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण शेजारच्या टेकडीखाली बेडूक आहेत. दगडातले, सहा कोटी वर्षांहून जुने.

१८४७ साली जॉर्ज क्लार्क या इंजिनिअरचा मुंबईच्या भूरचनेवरचा निबंध लंडनला छापून आला. (पहिल्या मुंबई-ठाणे रेल्वेच्या आखणीतला तोच हा क्लार्क.) त्याला पुरवणी जोडली रिचर्ड ओवेनने. ‘डायनासोर’ हा शब्द ज्याने रूढ केला तो ओवेन. बेडकाचं नाव ठेवलं ‘राना पुसिला’, म्हणजे पिटुकला बेडूक! पुढे १८६९ मध्ये स्टोलिझ्काने त्याला दुसऱ्या वंशात टाकलं, १९३० मध्ये नोबलने ‘इंडोबॅट्रॅकस’ केलं आणि नातं जोडलं थेट ऑस्ट्रेलियातल्या बेडकांशी. आमच्या कोडमध्येसुद्धा एका व्हेरिएबलचं इतक्या वेळा बारसं होत नाही.

खरी गंमत वेगळीच आहे. बेडूक सहसा खाऱ्या पाण्यात टिकत नाही. मग समुद्राच्या तोंडावर हे आले कुठून? पेशाने लष्करी डॉक्टर असलेल्या हेन्री कार्टरने १८५२ च्या सुमारास याच थरांतल्या एका कासवाचं वर्णन केलं, तेही गोड्या पाण्यातलं. म्हणजे तेव्हा इथे तळं होतं. दख्खनचा लाव्हा काही सलग वाहिला नाही, मधे मधे थांबला. त्या सवडीत पावसाचं पाणी साचलं, गाळ बसला, बेडूक आले. नंतर वरून पुन्हा लाव्हा आला आणि गाळाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड खाली झाकला गेला. सेशेल्सचा तुकडा भारतापासून फाटून वेगळा झाला तो साधारण याच काळात. म्हणजे आज आपण ज्या समुद्राकडे तोंड करून कणीस खातो, तो तेव्हा तिथे नव्हताच म्हणा ना!

मुंबईचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत. त्यामुळे मलबार हिल आणि वरळीच्या टेकड्यांवर बेसाल्टचं टोपण आहे आणि बेडकांचा थर त्याच्या खाली. समुद्राकडून बघाल तर दिसणार नाही, तो सापडला खोदकामात. आता त्या भागात टॉवर्स आहेत आणि २०२४ पासून किनाऱ्याला कोस्टल रोड. खोदकाम तर तेव्हापेक्षा कितीतरी पट जास्त चालतं, पण निघालेला दगड डंपरमध्ये भरण्याआधी कुणी निरखून बघतं का? क्लार्कही इंजिनिअरच होता की!